जवळ्यातली चमकी

नीलमने व्हिडिओ टाकला तो रविवारी दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना. म्हणजे तो सगळ्यांनी बघितला. व्हिडिओत स्टीलची ताटली होती, ताटलीत सुका जवळा होता आणि नीलमची नेलपॉलिश लावलेली बोटं त्यातून एकेक तुकडा वेचून कॅमेऱ्यासमोर धरत होती. तुकडे प्लास्टिकचे होते. पातळ, वेडेवाकडे, नखाहून लहान, खाऱ्या पाण्याने रंग मळलेले, कडेला जरा वळलेले. मागून तिचा आवाज येत होता, "देखो फ्रेंड्स, आपल्या गेटवरची मावशी आपल्याला काय खिलवतेय. वजन वाढवायला प्लास्टिक मिक्स करते. हे आपल्या मुलांच्या पोटात जातंय."

नीलमचे यजमान दिपेशभाई सोसायटीचे चेअरमन. त्यांनी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर लिहिलं की सुगंधा नावाच्या सदर बाईस गेटवर बसू देऊ नये, तशी सूचना वॉचमनला दिलेली आहे. खाली अंगठ्यांची रांग लागली. सुगंधाला विचारायला हवं होतं, असं त्या रांगेतल्या एकाच्याही मनात आलं नाही.

स्वप्नालीने ते वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुगंधा तारोडीच्या कोळीवाड्यातली. स्वप्नाली शाळेत जायची तेव्हापासून ती दर रविवारी नवघरच्या या गेटपाशी सुक्या मासळीची टोपली घेऊन बसायची. स्वप्नालीची आई उर्मिला मूळची रत्नागिरीकडची, सुक्या मासळीच्या बाबतीत सख्ख्या बहिणीवरही विश्वास न ठेवणारी, पण सुगंधाचा जवळा ती डोळे मिटून घ्यायची. हे एक कारण झालं. दुसरं असं की, असले वेडेवाकडे तुकडे हाच स्वप्नालीचा पोटापाण्याचा धंदा होता. मुंबईच्या एका संस्थेत काचेची लांबलचक टाकी आहे. टाकीच्या एका टोकाला फळी हलते, फळीने लाटा उठतात, त्या लाटांत स्वप्नाली प्लास्टिकचे कण सोडते आणि ते कसे वाहतात, कुठे बुडतात ते बघत बसते. नातेवाईक लग्नाकार्यात विचारायचे, "म्हणजे कचरा पाण्यात टाकायचा पगार मिळतो तुला?" ती हसून सोडून द्यायची. आता मात्र तिला हसू आलं नाही.

"आई, सुगंधामावशी असं करेल का?"

उर्मिला भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मागच्या वेळी मलाही दोन-तीन तुकडे मिळाले होते. काढून टाकले मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? जवळा चांगला होता."

स्वप्नालीने ग्रुपवर लिहिलं की हे तुकडे समुद्रातून आले असणार, जाळ्यात जवळ्याबरोबर सापडतात. दिपेशभाईंचं उत्तर तयार होतं. समुद्रातून आले तर फक्त हेच तुकडे कसे? समुद्रात बुचं आहेत, मणी आहेत, गोळ्या आहेत, हजार प्रकारचं प्लास्टिक आहे. जवळ्यात त्यातलं काहीच नाही, फक्त एका मापाचे पातळ तुकडे? म्हणजे कोणीतरी कापून घातलंय. युक्तिवाद दिसायला इतका चोख होता की लोकांनी त्याला टाळ्यांची चित्रं पाठवली. आणि गंमत अशी की प्रश्न खरोखरच चांगला होता, फक्त उत्तर ऐकायची कोणाची तयारी नव्हती. स्वप्नालीने फोन पलंगावर फेकला.

*

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती बसने तारोडीला गेली. सुगंधाच्या अंगणात जाळं पसरून त्यावर जवळा वाळत घातला होता. सुगंधा त्याच्या कडेला बसून वेचत होती. तिने स्वप्नालीकडे बघितलं, पण बस म्हटलं नाही.

"मावशी, मी उर्मिलाची..."

"वलखते मी तुला. तुज्या सोसायटीनं मला चोर बोललं. वाचमननं काल सांजच्याला हात धरून उटवलं मला, भरल्या टोपलीसकट. त्याला मी दर आयतवारी पानी द्यायचे."

स्वप्नाली तशीच उन्हात उभी राहिली. तिच्याकडे सांगण्यासारखं होतं ते सगळं सोसायटीच्या वतीने होतं आणि ते तिला तोंडावाटे काढवेना. शेवटी ती चपला काढून सुगंधाच्या शेजारी बसली आणि जवळ्यात हात घातला. तुकडा लगेच सापडला. मग दुसरा. उन्हात ते मळकट चमकत होते.

"पाखडून जात नाहीत का?"

"जाईत न्हाय. जवल्यासंगती उडतं नि जवल्यासंगती परत सुपात पडतं. एकेक वेचाया लागतं. माजे डोले आता पयल्यासारके हायत का? र्‍हातात दोन-चार." मग ती एकदम थांबली. "पन मी घातलं न्हाय."

"माहितीये मला."

"तुला म्हायती हाय. त्यांना कोन सांगंल?"

सुगंधाचा नवरा धर्माजी ओट्यावर जाळं शिवत बसला होता. तो उठला, तुळशीपाशी ठेवलेलं एक मडकं उचलून आणलं आणि स्वप्नालीपुढे ठेवलं. मडकं त्याच तुकड्यांनी गळ्यापर्यंत भरलं होतं. धुतलेले, वाळवलेले, लखलखीत.

"हे टाकलं नाहीत तुम्ही?"

"टाकाचं कसं?" धर्माजी म्हणाला. "गनपतीचं हाय. इसर्जनानंतरच्या पान्यात गावतं. निर्माल्यासंगती आलं आसंल, देवाच्या मखराचं, मुकुटाचं. सोनं हाय देवाचं. पायाखाली कसं घ्याचं?"

स्वप्नालीने मूठभर तुकडे तळहातावर घेतले आणि उलटेसुलटे केले. एका बाजूने सोनेरी, दुसऱ्या बाजूने राणी रंग. हे तुकडे तिने पाहिले होते. त्यातले काही अजून त्यांच्या बाल्कनीतल्या जास्वंदीच्या कुंडीत पडले होते, आणि विसर्जनाच्या दिवशी आईच्या केसांतून तर तिनेच ते काढले होते. सोसायटीच्या मिरवणुकीत मोठ्या नळीतून उडवलेली चमकी. जेटीवर मूर्ती पाण्यात उतरताना शेवटचा बार असा उडाला होता की पाणी सोनेरी दिसत होतं, त्याचाही व्हिडिओ ह्याच ग्रुपवर होता आणि त्यालाही अंगठ्यांची रांग लागली होती. आणि ती चमकी भुलेश्वरच्या बाजारातून शोधून आणली होती उत्सव समितीच्या काशीनाथांनी. स्वप्नालीच्या बाबांनी. "साधी नाही, डबल साइड आहे," असं ते आठवडाभर येईल त्याला सांगत होते.

"काय झालं गो?" सुगंधाने विचारलं.

"काही नाही," स्वप्नाली म्हणाली. "मी त्यांना दाखवते मावशी. पाण्यात करून दाखवते. तुम्ही पण या."

परतीच्या बसमध्ये तिने मनाशी ठरवून टाकलं की तुकडे समुद्रातून आले एवढंच सिद्ध करायचं. कुठून समुद्रात गेले ते कशाला काढायचं? नोकरी सुटल्यापासून बाबांना त्या समितीखेरीज दुसरं होतं काय? शिवाय चमकी काय एकट्या आपल्याच सोसायटीने उडवली होती? असे प्रश्न माणूस स्वतःला विचारतो तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं असतं.

*

सोसायटीच्या नावात सागर आहे. गच्चीवर चढलं तरी सागर दिसत नाही, पण सोसायटीत मोठा हॉल आहे, आणि त्या शनिवारी तो भरला. फुकटचा कार्यक्रम असला की आपल्याकडे हॉल भरतोच. स्वप्नालीने माशांची मोठी काचेची टाकी मागून आणली होती. फळीच्या जागी उर्मिलाचा चॉपिंग बोर्ड. पाण्याच्या बाटलीचे तिने पातळ तुकडे कापले होते, आणि त्याच बाटलीचे तेवढेच तुकडे गॅसवर तापवून त्यांच्या गोळ्या वळल्या होत्या. घराला दोन दिवस जळका वास येत होता.

पहिल्या रांगेत काशीनाथ, इस्त्रीचा सदरा घालून. पार शेवटच्या खुर्चीवर सुगंधा, खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेली. तिच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"प्लास्टिक तेच आहे," स्वप्नालीने सुरुवात केली, "आणि वजनही जवळपास सारखं. फरक फक्त आकाराचा." तिने चॉपिंग बोर्ड हलवून लाटा उठवल्या आणि एका टोकाला गोळ्या सोडल्या. गोळ्या जरा डुगडुगल्या आणि जिथल्या तिथे तळाला जाऊन बसल्या. मग तिने तुकडे सोडले. तुकडे बुडता बुडता आडवे झाले, लाट आली तशी उलटले, पुन्हा आडवे झाले, एक डावीकडे सरकला, एक वर उचलला गेला, पंखा बंद केल्यावर उडालेला कागद खाली येताना करतो तसं करत ते सगळे मधल्या पाण्यात तरंगत राहिले. आणि प्रत्येक लाटेबरोबर थोडे थोडे पुढे गेले. टाकीच्या दुसऱ्या टोकाला पोचले तरी त्यातले बरेच अजून तळाला लागले नव्हते.

"लाटेत पाणी गोल गोल फिरतं, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडं पुढे सरकतं. जो कण पाण्यात जास्त वेळ राहील तो जास्त लांब जातो. गोळी राहत नाही, बुडते. तुकडा राहतो, कारण तो आडवा होऊन पडतो, आणि लाट त्याला सारखी फिरवत राहते. जवळाही तसाच, हलका, मधल्या पाण्यात. म्हणून जाळ्यात दोघं एकत्र येतात." मग तिने दिपेशभाईंकडे बघितलं. "तुम्ही विचारलं होतं ना, बुचं का नाहीत, मणी का नाहीत? बुचं वर तरंगत दुसरीकडे जातात, मणी आधीच तळाला बसतात. निवड समुद्राने केलीय. कोणी कापून घातलेलं नाही."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. काशीनाथ सगळ्यांत मोठ्याने वाजवत होते आणि बाजूच्याला सांगत होते की मुलगी आमची. स्वप्नालीने मागे सुगंधाकडे बघितलं. सुगंधाने डोक्यावरचा पदर सारखा केला. जिंकलो असं स्वप्नालीला वाटलं, आणि तिला वाटलं त्यात तिची काही चूक नव्हती.

दिपेशभाई उठले. "वाह बेटा. एकदम साफ समजलं. म्हणजे सुगंधाबेनने काय केलं नाय. मान्य. सॉरी बोलायचं तर बोलू." पण ते बोलले नाहीत. "पण मग आता सवाल दुसरा आहे. आजपर्यंत आपण समजत होतो की एक बाई मिलावट करतेय. आता तर साबित झालं की आख्ख्या दर्याचाच जवळा असा आहे. मग तर जास्त डेंजर. मी चेअरमन म्हणून प्रपोज करतो, तिकडची सुकी मासळी गेटवर बंद. कोणाचीच नको. हेल्थचा सवाल आहे."

"बरंच झालं," नीलम म्हणाली. "वास पण जाईल. वेजवाले कधीपासून बोलतायत."

आणि पुन्हा टाळ्या पडल्या. त्याच हातांनी, तितक्याच मनापासून. स्वप्नालीच्या हातात चॉपिंग बोर्ड तसाच होता. तिला आधी खरंच कळलं नाही की हे काय झालं, आणि कळलं तेव्हा तिला असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. ह्यांना विज्ञान पटलं होतं. सगळं समजलं होतं. आणि समजून घेऊन त्यांनी त्याच बाईला पुन्हा उठवलं होतं, ह्या वेळी पुराव्यासकट, आणि पुरावा स्वप्नालीनेच घरच्या गॅसवर वळून आणला होता.

मागची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुगंधा उभी राहिली होती. ती मोठ्याने बोलली नाही, पण हॉल गप्प झाला म्हणून ऐकू गेलं.

"काल माज्यावर आल होता. माजी मी शपत घेतली आसती. आज दर्यावर घातला. दर्याच्या वतीनं कोन शपत घेल?"

ती दाराकडे निघाली.

"मावशी, थांबा," स्वप्नाली म्हणाली. तिने बाबांकडे बघितलं. टाळ्या वाजवायला उचललेले त्यांचे हात अजून तसेच होते. मग तिने त्यांच्याकडे बघायचं सोडलं, स्टेजखालचं गणपतीच्या सामानाचं कपाट उघडलं आणि आतून उरलेली एक नळी काढली. नळीचं टोक दातांनी फोडून तिने ती टाकीवर उपडी केली.

सोनेरी आणि राणी रंगाचे तुकडे पाण्यावर पसरले. तिने बोर्डने लाटा उठवल्या. तुकडे भिजले, खाली उतरले, आडवे झाले, उलटले, सोनेरीचे राणी झाले आणि राणीचे सोनेरी, आणि टाकीभर जवळ्यासारखे वाहायला लागले.

"नीलममावशी, तुमच्या ताटलीतले तुकडे आणून लावा याच्या शेजारी," स्वप्नाली म्हणाली. "आणि दिपेशभाई, तुम्ही विचारलंत फक्त हेच तुकडे का. मी अर्धंच उत्तर दिलं. हे आपण जेटीवर उडवले. आपण एकटेच नाही, पण आपणही. मुलांच्या पोटात काय जातंय म्हणून तुम्ही सगळे रडत होतात ना, ते आपणच नाचत नाचत पाण्यात घातलंय. आणि ज्या माणसांनी ते देवाचं सोनं म्हणून पायाखाली येऊ दिलं नाही, मडक्यात भरून तुळशीपाशी ठेवलं, त्यांना आपण गेटवरून हाकलतोय. दोनदा. आधी चोर म्हणून आणि आता हेल्थ म्हणून. लाज वाटायला पाहिजे आपल्याला."

"बेटा, सब उडाते हैं," दिपेशभाई म्हणाले. "त्यात काय एवढं. देवाचं काम आहे."

तेव्हा काशीनाथ उठले. ते टाकीपाशी आले, चष्मा वर करून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"मी आणली होती," ते म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "डबल साइड."

*

बंदी मागे घेतली गेली. ग्रुपवर दिपेशभाईंनी लिहिलं की गैरसमज दूर झाला असून विषय संपला आहे, पुढील वर्षी समिती कागदी चमकीचा विचार करेल. माफीचा शब्द त्यात नव्हता. नीलमने ग्रुपवरचा व्हिडिओही काढून टाकला नाही. फोनमध्ये जागा अडत नाही म्हणाली. स्वप्नाली आठवडाभर धुमसत होती. बाबा तिच्याशी बोलत नव्हते आणि ती बाबांशी बोलत नव्हती. उर्मिला दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढत होती.

रविवारी सुगंधा आली. तिने नेहमीच्या जागी फडकं अंथरलं आणि त्यावर जवळ्याचा ढीग ओतला. मग तिने पिशवीतून तुळशीपाशी असायचं ते मडकं काढलं आणि जवळ्याच्या शेजारी दुसरा ढीग ओतला. चमकीचा. उन्हात तो असा झळकला की जाणारे-येणारे थांबले.

"हे काय मावशी?" स्वप्नालीने विचारलं.

"म्हातारा नको बोलत व्हता. देवाचं हाय बोलला. मी बोलले, देवाला पोचलं न्हाय ता, आपल्या दारात आलं. म्हंजे ज्याचं त्याला द्यावं."

पहिली आली नीलम. तिने जवळ्याकडे बघितलं, चमकीकडे बघायचं टाळलं. "आधा किलो दे दो. नीट वेचलाय ना?"

"वेचलाय," सुगंधा म्हणाली. तिने एका हाताने जवळ्याचं माप भरलं आणि दुसऱ्या हाताने चमकीची मूठ. "जवला माजा हाय, ही तुमची. दोन्ही घ्या, न्हायतर दोन्ही र्‍हाऊ द्या."

"मी हे घेऊन काय करू?"

"मी काय करत व्हते?"

नीलम काहीतरी पुटपुटत मागे सरली. तिच्या मागचे दोघे तिच्याबरोबर निघून गेले. गेटपाशी थोडी गर्दी जमली होती, पण पुढे कोणी येईना. जवळ्याचा ढीग होता तेवढाच राहिला. सुगंधा चमकीची मूठ तशीच मिटून ताठ बसून होती. स्वप्नालीला वाटलं, हीसुद्धा आता टोपली भरून परत जाणार, आणि ह्या वेळी हिला कोणी उठवलंसुद्धा नाही.

तेवढ्यात गर्दीतून काशीनाथ पुढे आले. घरातली मळकी कापडी पिशवी त्यांच्या हातात होती. लेकीकडे न बघता ते सुगंधापुढे उकिडवे बसले, गुडघ्यातून कळ आली ती गिळली, आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.

"आधी माझी दे," ते म्हणाले. "सगळी."